फ्रिजपाशी गेलं की

माझी बायको सुमती गेल्यावर तिच्या मैत्रिणींची रविवारची हाऊसी बंद पडेल असं मला वाटलेलं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून सगळ्या खेळायच्या आणि आकडे सुमती पुकारायची. पण आंबिवलीच्या हौसाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आकड्यांची पिशवी तुमच्याकडेच आहे, आता तुम्हीच पुकारा. तेव्हापासून आठवडाभर मी रविवारची वाट बघायचो. तेवढा वेळ घर बोलतं असायचं.

मग माझ्या मुलाने, रवींद्रने, आतल्या खोलीत दुसरा राउटर बसवला. पहिल्याचं वायफाय तिथे पोचत नव्हतं. झालं, खेळ रंगात आला की कॉल तुटायला लागला. रवींद्रने दोन्ही राउटर बंद करून चालू केले, वायर बदलली. कंपनीचा माणूस आला, त्याच्यासमोर सगळं नीट चाललं.

डोंबिवलीच्या शकूला वाटायचं, ती जिंकायला आली की मीच फोन कापतो. पुन्हा तुटला तर पुकारायचं काम ती घेणार, असं तिने सांगून टाकलं. मी हो म्हटलं, पण जिवाला लागलं.

त्या रविवारी ‘चौऱ्याहत्तर’ म्हणालो आणि कॉल तुटला. परत जोडला तर सगळ्या हसत होत्या.

“भाऊजी, तुमच्यामागे फ्रिज दिसला की तुम्ही गायब होता,” हौसाबाई म्हणाल्या. “एका जागी बसून का नाही पुकारत?”

खरंच होतं. एका हातात मोबाइल, त्याच मनगटाला पिशवी, असा मी हॉलपासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत फेऱ्या मारायचो. फ्रिज बरोबर मध्ये. तिथे मोबाइल एक राउटर सोडून दुसरा पकडायचा आणि त्या धरसोडीत कॉल तुटायचा. बसायचो नाही, कारण पुकारायची जागा म्हणजे खिडकीजवळची सुमतीची खुर्ची.

“आत्ता तुटला तो धरत नाही,” शकू म्हणाली. “पण पुन्हा तुटला तर पिशवी न्यायला मी रिक्षा करून येते.”

मी खुर्चीत बसलो. तिची उशी पाठीला नीट लागत नव्हती, पण काढली नाही. कॉल शेवटपर्यंत टिकला. फुल हाऊस शकूचंच झालं. ती एवढी ओरडली की शेजारची प्रियांका काय झालं म्हणून बघायला आली.

रवींद्र घरी आल्यावर म्हणाला, नवा राउटर काढून टाकतो.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “मी आता बसतो.”