साईनाथनं सांगितलेला आकडा

मी टाँग टेस्टर बोलतोय, शहापूरच्या साईनाथ वायरमनचा. माझा जबडा वायरीभोवती आवळला, की तिच्यातून किती करंट धावतोय ते माझा काटा दाखवतो. १९९४ साली कारखान्यातून निघालो तो थेट साईनाथच्या पिशवीत. काटा हलत असताना तो कधी आकडा वाचायचा नाही. "थांब, बसू दे त्याला," म्हणायचा. मला त्याचा अभिमान वाटे.

त्याच सवयीनं २००३ साली घात केला.

मुरबाडपुढे टोकावड्याच्या माळावर शूटिंग होतं. नटीच्या गाडीतच तिची खोली, आरसा, एसी. वीज मिळायची ती धाऊच्या जनरेटरवर. धाऊ तिथल्याच वाडीवरचा, एरवी लग्नाच्या मांडवांना जनरेटर भाड्यानं द्यायचा. एसी लावला की जनरेटर गचके खाऊन बंद पडे. धाऊ डिझेल चोरून रॉकेल भरतो, असा आळ शूटिंगच्या मॅनेजरनं घेतला आणि खात्री करायला साईनाथला बोलावलं.

साईनाथनं मला वायरीला लावलं. एसी सुरू होताना माझा काटा उसळून पंचेचाळीस अँपिअरवर गेला. जनरेटर घुसमटला, पण कसाबसा तगला. मग काटा नऊवर बसला, आणि साईनाथनं तेवढंच वाचलं. "नऊच खातोय. वीसचा जनरेटर हाय, त्याला जड नाय."

झालं! मॅनेजरच्या माणसांनी धाऊला पट्ट्यानं मारलं, खाली पाडून लाथांनी तुडवलं. त्याचं तोंड रक्तानं भरलं. तरी तो ओरडत होता, "माझं डिझेल चोख हाय! साईनाथ, चालू व्हताना काटा बघ रे!"

साईनाथनं एसी बंद करून पुन्हा लावला. मी जीव खाऊन उसळलो. पंचेचाळीस! त्याची नजर माझ्यावरच होती.

"किती?" मॅनेजर गरजला. त्याच्या हातात जनरेटर फिरवायचं लोखंडी हँडल होतं.

साईनाथनं त्या हँडलकडे पाहिलं. "नऊच," तो म्हणाला.

हँडल धाऊच्या मनगटावर बसलं. हाड मोडलेलं मी ऐकलं. एवढा मोठा जबडा असून मला एक शब्द बोलता आला नाही, याची मला आजही चीड येते.

आता आकडे उमटणारे नवे मीटर आलेत आणि मी दुकानातल्या खोक्यात पडून आहे. धाऊला अख्खा तालुका डिझेलचोर म्हणतो. जनरेटर फिरवायला त्याच्या हातात ताकद राहिली नाही.

साईनाथ, पहिल्यांदा तू चुकलास. दुसऱ्यांदा तू खोटं बोललास. मुरबाड काही लांब नाही. जा, भर बाजारात सांग, काटा कुठे गेला होता ते.