पाच अंशांची चूक

नानांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले त्यांचे आकडे एकेक अंशाने उतरले.

दुधाचा खाडा लिहायच्या चौकोनात नाना खोलीचं दुपारचं तापमान लिहीत. सोळा मेपर्यंत रोज अडतीस होतं. सोमवारी ऋजुता उठली तेव्हा सगळीकडे सदतीस होतं. अक्षर नानांचंच, तीनच्या शेपटीला तोच झोल. शाई जुनी, वाळलेली. भिंतीवरच्या तापमापकातली लाल रेघही सदतिसावर उभी होती. बाहेर अकोल्याचं ऊन पंचेचाळिसावर होतं.

हे घर ऋजुतानेच वडिलांसाठी, नानांसाठी, बेतलं होतं. पाया खणायच्या वर्षभर आधी, कागदावर नुसते चार चौकोन असताना, तिने संगणकावर या खोलीचा उन्हाळा चालवून पाहिला होता. इतक्या लवकर फारसं काही ठाऊक नसतं. भिंतीची जाडी, छपराचा रंग, सगळं गृहीत धरायचं असतं. माणूससुद्धा. एक माणूस, बसलेला, शंभर वॅट उष्णता देणारा, संध्याकाळी सहाला न चुकता खिडकी उघडणारा. उत्तर आलं तेहतीस. तिने ते नानांना पेढा द्यावा तसं सांगितलं होतं.

खोली अडतीसची निघाली. नाना रोज दुपारी तिला पुण्याला फोन करत.

"अडतीस, बरं का इंजिनीअरबाई."

"आर्किटेक्ट, नाना. तुम्ही सहाला खिडकी उघडता का?"

"सहाला डास येतात."

"मग कसं होणार? मॉडेलमध्ये खिडकी उघडी आहे."

"आणि मी? मी आहे का त्यात?"

"आहात की. शंभर वॅट."

यावर नाना ठसका लागेपर्यंत हसले होते. कूलर मात्र त्यांनी घेतला नाही. तुझ्या घराला कूलर लावला तर लोक काय म्हणतील, असं म्हणाले. सोळा मेच्या दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्या दिवशीच्या चौकोनात अडतीस लिहून झालं होतं.

मंगळवारी छत्तीस झालं. अंगणातल्या कडुनिंबाची पानं गेली आणि तिथे एक करडा दंडगोल उभा राहिला, पहिल्या मॉडेलमध्ये होता तसा. बुधवारी पस्तीस. सहाच्या ठोक्याला खिडकी आपोआप उघडली आणि एकही डास आत आला नाही. ऋजुताच्या मोबाइलमधून नानांचे दुपारचे कॉल जुन्यापासून एकेक करून जाऊ लागले. गुरुवारी चौतीस झालं, तेव्हा यादीत त्यांचं नावच नव्हतं, आणि नाना कसे हसायचे ते तिला आठवेना.

उद्या तेहतीस होणार होतं. मग तिचा अंदाज बरोबर ठरणार होता. खोली कधी तापलीच नव्हती, फोन कधी आलेच नव्हते, आणि खुर्चीत कुणी गेलं नव्हतं, कारण तिथे कुणी बसलंच नव्हतं. ऋजुताला आपली चूक परत हवी होती, पुरती पाच अंशांची.

तिने खिडकी लावून घेतली. ती आपोआप पुन्हा उघडली. मग तिने खोलीत शेगडी आणून पेटवली. ज्योत दिसत होती, पण तिच्यावर हात धरला तरी ऊब लागत नव्हती. मॉडेलमध्ये शेगडी नव्हती. तिथे गरम असं एकच होतं, माणूस.

शेजारच्या तायडेकाकू डबा द्यायला आल्या.

"बसा ना काकू."

"बसते बाई. किती गार ठेवलीस गं खोली! आमच्याकडे नुसती भट्टी."

त्या बसल्या आणि लाल रेघ पस्तिसावर गेली. काकूंचे हात गुडघ्यांवर सारखे ठेवले गेले. साडीचा रंग उतरून करडा झाला, मग चेहरा गुळगुळीत झाला. ऋजुताच्या मोबाइलमध्ये नानांचे सात कॉल परत आले.

समोरचे गावंडे सर पेपर परत द्यायला आले. काकूंच्या वेळी ऋजुताला माहीत नव्हतं. सरांच्या वेळी माहीत होतं. तरी ती म्हणाली, "बसा ना सर." छत्तीस. नानांचा ठसका तिला आठवला. मग सरांना शोधत त्यांच्या मिसेस आल्या. "चहा इथेच होतोय वाटतं यांचा," असं म्हणत नवऱ्याशेजारी बसल्या. सदतीस.

मोबाइल वाजला. पडद्यावर नाना असं नाव होतं. तिने तो कानाला लावला. पलीकडे पंखा फिरत होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं. शब्द मात्र येत नव्हते. एक अंश कमी पडत होता.

"काऊन गं, दार असं सताड उघडं?"

उंबऱ्याबाहेर विमलआत्या उभी होती, नानांची धाकटी बहीण. मूर्तिजापूरहून एसटीने आली होती. पदराने वारा घेत होती.

"आत कोण बसलंय हे? कुणी बोलत काऊन नाही?"

"शेजारी आहेत, आत्या."

"पाणी तरी विचारलंस का त्यांना? अन् तुझं तोंड असं का उतरलंय? जेवली नाहीस ना? तुझ्या बापासारखीच आहेस, कुणी म्हटल्याशिवाय ताटावर बसायची नाहीस. थांब, मी भाकरी टाकते."

आत्याने पिशवी दारापाशी टेकवली, चपला काढल्या आणि उजवा पाय आत ठेवला.

"अगबाई, फरशी किती गार!"

आत टेकलेल्या त्या करड्या पायाला आता बोटं नव्हती. लाल रेघ साडेसदतिसावर आली. कानाशी नाना बोलण्याआधी खाकरले.

ऋजुताने आत्याचा हात धरला.