एकशे अडुसष्टचा चमत्कार

वरवंडच्या शिवारात, महामार्गापासून थोडं आत, त्या रविवारी चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि एकीचाही आवाज येत नव्हता. सगळ्या विजेच्या. पुढची सरकली की मागची सरके, मयतामागं चालणाऱ्या माणसांसारखी, मुकाट. प्रत्येकीच्या चार्जिंगच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधलेली. वर मे महिन्याचं ऊन, आणि मांडवात ऊर्जानाथ महाराजांचा भोंगा.

"कंपनी बॅटरी देते, प्राण देत न्हाई! गाडी जुनी झाली म्हंजी तिचा प्राण गळतो. तो मी परत भरतो. लिथियमला साडेसाती लागलीय, भक्तांनो!"

"व्हय महाराज!" गर्दी म्हणाली.

सुषमा मागच्या सीटवर सासऱ्यांना टेकू देऊन बसली होती. मल्हारीआबांची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना शिरूरला डायलिसिसला न्यायचं. खुटबावहून जाऊन-येऊन एकशे सोळा किलोमीटर. त्याचसाठी सुषमाच्या नवऱ्यानं, संपतनं, ही गाडी घेतली होती. एका कंपनीत कामगारांची ने-आण करून दमलेली, रोज घाईचं फास्ट चार्जिंग सोसलेली. घेतली तेव्हा पूर्ण चार्जला एकशे नव्वद किलोमीटर दाखवायची. आता एकशे एकवीस. परतीला न्हावऱ्याच्या एका हॉटेलवर तासभर चार्जिंगला थांबावं लागे, आणि गळून गेलेले आबा तिथल्या बाकड्यावर आडवे पडून राहत. लेकाला ते बघवत नव्हतं.

"माझी गाडी शंभराची दीडशे झाली," रांगेतले हौसराव खिडकीत वाकून म्हणाले. "डोळ्यानं बघितलं. फकस्त शंका घ्यायची न्हाई."

"घेतली तर?" आबांनी विचारलं.

हौसरावांनी आवाज खाली आणला. "गाडी आडरानात थांबती. आन् आबा, घरातलं एक माणूस जातंय म्हणत्यात."

संपतनं आरशातून बापाकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पाळी आली. सगळ्यांना उतरवलं. एका सेवेकऱ्यानं काचांवर भगवं कापड टाकलं आणि 'मंत्र बसवायला' तो एकटाच आत शिरला. बाहेर ढोल सुरू झाला. महाराजांनी बॉनेटवर भस्म फासलं, डोळे पांढरे केले, गाडीच्या कानात म्हणजे आरशात काहीतरी पुटपुटले. दहा मिनिटांनी कापड उठलं. येताना गाडीच्या पडद्यावर किलोमीटरचा आकडा एकशे एकवीस होता. आता एकशे अडुसष्ट.

संपतनं गुडघे टेकले. गर्दीनं आरोळी ठोकली. सुषमानंही हात जोडले. ती रोज पहाटे खंडोबापुढं दिवा लावणारी, सोमवारचा उपवास कधी न मोडलेली बाई. देवाचं नाव निघालं की तिचे हात आपोआप जुळत.

"आता नियम ऐका," महाराज म्हणाले. "एसी लावायचा न्हाई, प्राण थंड पडतो. पन्नासच्या वर पळवायची न्हाई. दिवस बुडाल्यावर तार जोडायची न्हाई. आन् वाटंत दुसऱ्याच्या दारची वीज घ्यायची न्हाई. नियम मोडला तर माझ्याकडं रडत येऊ नका. मी देतो, तसं नेतोबी."

शेवटचं वाक्य म्हणताना ते आबांकडं बघत होते.

सुषमाच्या घरी पितळेची एक पळी आहे. लग्न होऊन आल्यापासून त्याच पळीनं ती दिव्यात तेल घालते. एक पळी घातली की दिवा माध्यान्हीपर्यंत जळतो, दीड घातली की तिसऱ्या प्रहरापर्यंत. वात मोठी केली तर उजेड वाढतो, पण दिवा लवकर जातो. वीस वर्षांत यात कधी फरक पडला नव्हता. गाडीसाठी घेतलेल्या वेगळ्या मीटरचा आकडाही ती तशाच सवयीनं दिनदर्शिकेवर, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लिहून ठेवायची. गाडी घेतली तेव्हा रिकामी होऊन पूर्ण भरायला सव्वीस युनिट लागत. आता सतरा.

महाराजांकडून आल्यावर रविवारीच संपत बाजूच्या गावांना गाडी दाखवत हिंडला. सोमवारी भर दुपारी तिनं रिकाम्या गाडीला तार जोडली. दिवस बुडता संपतनं ती ओढून काढली. गाडी शंभरात ऐंशी भरली होती. सुषमा मीटरजवळ गेली. चौदा युनिटला थोडं कमी. तिनं मनात हिशेब जुळवला: म्हणजे पूर्ण भरली असती तरी सतराच.

"अहो, पोटात तेवढीच मावतीय की हिच्या. मग जास्त पळंल कशी?"

"सुषमे, तोंड आवर!" संपत कधी ओरडत नसे, पण तेव्हा ओरडला. "आबांच्या जिवाशी खेळ हाय हा. पडद्यावर एकशे चौतीस हाय, आपल्याला लागतंय एकशे सोळा. बास."

मंगळवारी घरून निघाले. एसी बंद. शिरूरपर्यंत अठ्ठावन्न किलोमीटर गेले. एकशे चौतीसातून शहात्तर उरायला हवे होते, उरले एकसष्ट. चार तासांनी आबा बाहेर आले ते भिंतीला धरून. डायलिसिसनंतर रक्तदाब खाली जातो, ऊन बाधतं, हे नर्सबाईंनी दर वेळी सांगितलेलं. बाहेर एक्केचाळीस डिग्री.

न्हावऱ्याला पडद्यावर तेहतीस होते आणि घर छत्तीस किलोमीटरवर. हॉटेलचं चार्जिंग डाव्या हाताला दिसत होतं.

"थांबा हितं," सुषमा म्हणाली.

"दुसऱ्याच्या दारची न्हाई घ्यायची. महाराज पुरवत्याल."

हॉटेल मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, पानही हलत नव्हतं. आबांची मान सुषमाच्या खांद्यावर आली. तिनं त्यांच्या गालाला हात लावला. कातडी तापलेली, पण घाम नव्हता. ती पुढं वाकली आणि तिनं एसीचं बटण दाबलं.

पडद्यावरचा आकडा एकोणतीसचा अठरा झाला.

"बघितलंस? कोप!" संपतचा आवाज चिरकला. "बंद कर!"

तिनं बंद केलं. पुन्हा एकोणतीस. तिनं लावलं. अठरा. बंद केलं. एकोणतीस.

सुषमाच्या मनात आलं, आयुष्यभर ज्याच्यापुढं दिवा लावला तो देव बटणागणिक रागावत नाही आणि बटणागणिक शांतही होत नाही. हे देवाचं काम नव्हे.

"अहो, ही गाडी नुसता अंदाज सांगतीय," ती हळूच म्हणाली, आणि एसी लावूनच ठेवला.

पारगावचा पूल समोर दिसत असताना गाडीचा जोर गेला. आधी चार्ज संपत आल्याचं कासवाचं चित्र लागलं, मग पडदाच काळा झाला. एसी थांबला. भीमेच्या काठावर, सावलीचं एकही झाड नसलेल्या रस्त्यावर, ती बिनआवाजाची गाडी आणखीच मुकी होऊन उभी राहिली. आबांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. संपत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुटपुटत होता, "नेणार, आता नेणार..."

सुषमानं दार उघडलं, पदर बाटलीतल्या पाण्यात भिजवून आबांच्या मानेला गुंडाळला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कांद्याचा एक टेंपो कचकन थांबला. "मरायचंय का बाई?" ड्रायव्हर ओरडला. "न्हाई," ती म्हणाली, "जगवायचंय. हात लावा."

टेंपोतून नेलेल्या आबांना केडगावच्या डॉक्टरांनी, निकामी मूत्रपिंडांना पाण्याचा भार नको म्हणून सलाईन न चढवता, थंड खोलीत पाय वर करून झोपवलं. "आणखी अर्धा तास त्या डब्यात राहिले असते तर माझ्याकडं आणायची गरज नव्हती," ते म्हणाले. संपत दाराबाहेर रडला. पण रडता रडता म्हणाला ते हे: "आपण एसी लावला. नियम मोडला. रविवारी माफी मागाया जाऊ."

सुषमा वाद घालत बसली नाही. गाडीच्या खणात कंपनीचं हिंदी पुस्तक होतं, कोऱ्या पिशवीतून कधी बाहेर न निघालेलं. रोज पोथीचा अध्याय झाला की पाटावर तेच पुस्तक घेऊन, ओळीखाली बोट धरून, ती चार-चार पानं वाचू लागली. शनिवारी तिला हवं ते पान सापडलं.

रविवारी, गेल्या खेपेसारखीच घरून पूर्ण भरून, गाडी वरवंडच्या मांडवापुढं उभी राहिली. आबाही हट्टानं आले होते. पडद्यावर एकशे एकोणीस.

"कुणीतरी शंका घेतली," महाराजांनी डोळे मिटले. "मला दिसतंय. बाईमाणूस हाय."

"मीच ती," सुषमा हात जोडून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून लोक ऐकायला पुढं सरकले. "महाराज, आज मंत्र मी बसवते. तुम्ही लांबच ऱ्हावा."

सेवेकरी कापड घेऊन धावला. "कापड नको," ती म्हणाली. "सगळ्यांनी काचेतून बघा." हौसरावांनी सेवेकऱ्याचा हात धरला.

"हा एसी बंद केला. हे बटण दाबून गाडी बेताच्या चालीवर टाकली. आन् ही मागची नोंद पुसली. गाडी मागं कशी चालवली, त्यावरनं ती पुढचा अंदाज सांगती. मागचं पुसलं की तिला वाटतं, आपण कालच कारखान्यातनं आलोय."

पडदा लुकलुकला. एकशे अडुसष्ट. एकाचाही फरक नाही.

पुढची माणसं काचेला नाक लावून आकडा बघू लागली.

"आकडा वाढला. पर वीज वाढली का?" तिनं दिनदर्शिकेचं पान वर धरलं. "पूजेच्या आधी सतरा युनिट. पूजेनंतरबी सतरा. पळीत मावतंय तेवढंच तेल जळतं, बाबांनो. तुमचे नियम पाळले की गाडी थोडी जास्त पळती, ते नियमाचं फळ, भस्माचं न्हाई. आन् मोडले की पाप आमच्या माथी."

"भस्म होशील!" महाराज उठले. "तुझ्या घरातलं माणूस सात दिवसांत—"

"मीच की ते माणूस," गाडीतून आबांचा चिरका आवाज आला. "कुणी न्यायला आलं तर थांबाया सांगा म्हणावं, मंगळवारचा नंबर लागलाय माझा."

कुणीतरी हसलं. मग हौसराव आपल्या गाडीत शिरले, तीच बटणं दाबली, आणि शरमेनं लाल होऊन बाहेर आले. रांगेतल्या गाड्या एकेक करून वळल्या. तशाच, बिनआवाज.

पुढच्या रविवारी मांडव नव्हता. बॅटरी तपासून तिची उरलेली ताकद कागदावर लिहून देणारे कारागीर असतात. संपत तिकडं जाऊन आला. शंभरात पासष्ट. कागद बघून त्याला वाईट वाटलं, पण आता भीती वाटेनाशी झाली. बॅटरी म्हातारी होते, माणसासारखीच. उन्हानं, घाईच्या चार्जिंगनं लवकर होते. मग तिच्या बेतानं चालायचं, न्हावऱ्याला थांबायचं. हॉटेलवाल्यानं आबांसाठी पंख्याखाली खाट टाकून दिली आहे.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण काल त्याच खाटेजवळ एका बाईनं सुषमाला विचारलं, "तुमचंबी डायलिसिस का? न्हावऱ्याच्या पुढं एक महाराज आलेत. किडनीत प्राण भरत्यात म्हणं. फकस्त नियम येवढाच, एकवीस दिवस मशीनवर जायचं न्हाई."

बाईच्या मागं बाकड्यावर तिचा नवरा बसला होता. पाय सुजलेले, चेहरा मातीसारखा.

"कितवा दिवस?" सुषमानं विचारलं.

"सहावा."

वाचणाऱ्यांनो, देव माना, व्रतं करा, सुषमाही करते. पण कुणी आकडा दाखवला तर माप विचारा, कापड टाकलं तर कापड उचला, आणि शंका घेतली तर माणूस मरेल असं जो सांगतो, त्याच्यापासून आधी आपलं माणूस लांब न्या. शंकेनं आजवर कुणी मेलेलं नाही. शंका न घेतल्यानं मात्र एक जण त्या बाकड्यावर बसला होता.

आबांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सुयांच्या खुणा.

"ये हिकडं, गड्या," ते त्या माणसाला म्हणाले. "हे बघ. दोन वर्सं झाली, जिता हाय. संपत, तार काढ. गाडी माघारी शिरूरला घे. ह्याला आधी न्यायचा."

सुषमानं पडद्याकडं बघितलं नाही. चार्जरवर किती युनिट गेले ते बघितलं, मनात भागाकार केला, आणि दार उघडलं.

"पुरंल," ती म्हणाली. "बसा."