झेंडीपाशी थांबलेली गाडी

गडचांदूरजवळच्या एका चुनखडीच्या खाणीत दुपारी सुरुंग लागत, तेव्हा रस्ता अडवायचं काम लियाकतकडे असे. लाल झेंडी आडवी धरून तो उभा राहिला की आमदाराची गाडीसुद्धा थांबे; नाही थांबली तर लियाकत त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. रस्ता रिकामा दिसला की वॉकीटॉकीवर ‘रस्ता साफ’ म्हणायचं, मग खाली खाणीत बत्ती लागायची.

उडत्या गाड्या आता ऊर्जानगरच्या क्वार्टरांपासून कोरपन्याच्या कापूसवाल्यांपर्यंत कोणाहीकडे दिसू लागल्या होत्या. खाणीवर मात्र नवीन नियम सांगायला कोणी फिरकलं नव्हतं. झेंडी रस्त्यापुरतीच राहिली, वरच्या हवेकडे पाहायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी सुरुंगाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे निशात होती. लियाकतची एकुलती एक लेक, कोरपन्याच्या दवाखान्यात नर्स. गाडी नवीकोरी, उडती. पण बापाची झेंडी दिसली म्हणून ती इतरांसारखी गुमान चाकांवर उभी राहिली. मागच्या ट्रॅक्टरवरून धनराजने चिडवलं, पंख असून पोरगी आपल्यासंगं धूळ खाऊन राह्यली म्हणून. सगळे हसले. लियाकतची छाती अशी फुगली की विचारू नका.

“जाय वरून,” तो लेकीला म्हणाला. “बत्तीले टाइम आहे अजून.”

“भोंगा वाजला ना, अब्बा. थांबू द्या मले.”

“मी सांगून राह्यलो ना. जाय.”

निशातने बापाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तिने गाडी उचलली आणि ती मातीच्या ढिगाऱ्याआड दिसेनाशी झाली. उडत्या गाडीला कोरपना म्हणजे चुटकीसरशी, अशी लियाकतची समजूत. वर गेल्यावर हवेतली पुढची वाट मोकळी मिळेपर्यंत गाडी जागीच खोळंबते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वॉकीटॉकीवर विचारणा झाली. त्याने नेहमीसारखं डोळ्यांत तेल घालून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि ‘रस्ता साफ’ म्हणाला.

निशात खाणीच्या बरोबर वर खोळंबली होती. सुरुंगाने उडालेल्या दगडांनी गाडी खाली पाडली. ती वाचली नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा रांगेतली माणसं आपणहून पुढे झाली. म्हातारा आधीच मेल्यात जमा, त्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा, म्हणून धनराजने सांगून टाकलं की पोरीने झेंडी मानली नाही, थेट उडाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लियाकत मूग गिळून बसला. त्याला स्वतःची किळस येत होती.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, दुवा झाल्यावर वाजिद, निशातचा नवरा, त्याच्यापुढे येऊन बसला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्याने सासऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“अब्बा, तिनं तुमची झेंडी मोडली. तिच्यापायी तुमच्यावर चौकशी आली. तिच्यातर्फे मी माफी मांगतो.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लियाकतला झालं. भोवती सगळे ऐकत होते. धनराज डोळ्यांनीच त्याला गप्प राहायला खुणावत होता.

“तिनं नाई मोडली, बेटा,” लियाकत म्हणाला. “ती थांबली होती. मीच तिले वर धाडलं.”

वाजिदने हात सोडले.