उदगीरच्या तनुजाला आलेली तीन स्थळं

उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत चालवणारे शरणप्पा त्या महिन्यात हवेतच होते. पोरीला एकोणतीस सरत आलेलं, एक ठरलेली सोयरीक मोडलेली, अन् अशात लग्नाच्या वेबसाइटींवर तीन स्थळं! नांदेडचा मुलगा कंपनीत मॅनेजर, अहमदपूरचा पंचवीस एकरांचा बागायतदार. तिसरा नायगावचा गॅरेजवाला. चार एकर कोरडवाहू, अन् पठ्ठ्यानं फोटोत टक्कलसुद्धा झाकलं नव्हतं. शरणप्पांनी त्याच्यापुढचं नकाराचं बटण दाबून टाकलं. उरलेल्या दोघांच्या घरी मात्र फोन सुरू, "आमाला दुसरीकडून लई घाई करून राहिले बगा!" आडत्याचंच डोकं ते, लिलावाशिवाय त्याला घास उतरत नाही.

तनुजा लातूरला नोकरीला. कामच असं, की वेगवेगळ्या साइटींवर एकाच माणसाच्या, एकाच दुकानाच्या नोंदी निरनिराळ्या नावांनी पडलेल्या असतात, त्या हुडकून एकमेकींना जोडायच्या. रविवारी ती घरी आली, बापानं कौतुकानं दाखवलेली स्थळं तिनं पाहिली, अन् तिला हसूच फुटलं.

"आप्पा, ही तिघं न्हाईत. एकच हाय. आई महादेवी, आजोळ निलंगा, अन् तिन्ही फोटोंत मागं त्योच निळा दरवाजा. गॉगल अन् फेटा काढा, टक्कल निघतंय."

"मग मी महिनाभर कुणाला खेळवून राहिलो?"

"एकदा त्याच्या काकाला, एकदा मामाला. नंबर त्यांचेच हायेत."

शरणप्पांचं पित्त खवळलं. नायगावला पोराच्या बापाला, मन्मथप्पांना, त्यांनी स्पीकरवरच फोन लावला. "लाज न्हाई वाटत, पाव्हणं? एका पोराची तीन सोंगं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मन्मथप्पा कडाडले. "आमच्या पोरानं, वीरभद्रानं बी कालच शोधून काढलं. डॉक्टरेट करणारी गोरीपान पोरगी तुमची. पंचविशीतली बँकवाली तुमची. त्या दोघी आमाला पसंत होत्या. अन् ती एकोणतिसाची, सावळी, सोयरीक मोडलेली, ती बी तुमचीच! तिला आमी नकार दाबला."

त्या तिन्ही पोरी शरणप्पांनीच एकेक करून साइटींवर चढवल्या होत्या, तनुजाला न विचारता. आता त्यांना मान वर करवेना. पोरीच्या तोंडाकडं बघायची भयंकर लाज वाटत होती त्यांना.

"आप्पा," तनुजा म्हणाली, "जी खरी होती, तिलाच नकार आला की हो."

तनुजानं डोळे पुसले अन् फोनकडं वाकली. "काका, वीरभद्र हायेत का तिथं? त्यांना सांगा, मॅनेजर अन् बागायतदार ऱ्हाऊ द्या घरीच. आमच्या आप्पांनी नाकारलेल्या गॅरेजवाल्याशी मला बोलायचंय."

पलीकडं बराच वेळ खुडबुड झाली. मग एक नवाच आवाज आला, जरा घाबरलेला. "हाव. बोला."

"थांब, आधी मी बोलतो," म्हणत शरणप्पांनी हात पुढं केला. तनुजानं त्याआधीच फोन उचलला, स्पीकर बंद केला, अन् आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.