पाचवीचा मान

त्रेसष्ट सालच्या माघातली सकाळ. माय अंगणातल्या उन्हात माझ्या दोन महिन्यांच्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. नसीमा पाणी ओतत होती. माय रोहिणखेडची सुईण, वय सत्तेचाळीस. नसीमा तिशीतली विधवा, तीन वर्षांपासून तिच्या हाताखाली शिकत होती.

"मावशी, सोजराबाईच्या सुनेच्या पोटातल्या लेकराचं डोकं खाली फिरलं वाटते मले. तुमी येऊन पाहता का?"

"तुह्या हाताले वाटते ना? मंग मले काऊन इचारतं?"

"चुकलं तं?"

"तं मी मागं बसलीच हाय. पन किती बाळंतपणं बसू वं? माही कंबर गेली."

दोघी हसल्या.

कळा वाढल्या की माय बाळंतिणीच्या मागं बसे, तिला छातीशी टेकवून घेई आणि पुढची जागा नसीमाला देई. मागं बसलं की आपले हात अडकतात, मधे लुडबुड करता येत नाही, असं ती सांगायची. माझं बाळंतपणही तसंच झालं.

पाचवीला सुईणीला लुगडं देऊन तिचा मान करतात. सासूबाई नांदुऱ्याहून आल्या होत्या. मूल कुणाच्या हातानं झालं, ते मी त्यांना सांगितलं नाही. लुगडं मायपुढं ठेवलं. नसीमा दाराशी उभी होती. त्यानंतर गावात बाया म्हणू लागल्या, नसीमा नुसतं पाणी तापवते.

त्या सकाळी नसीमा गेल्यावर माय म्हणाली, "तिचा मान तू मले देला. मी सांगतो, हात तिचा होता, तं लोकाइले वाटते, बुढी मनाचा मोठेपणा करते."

मी बाळाचं अंग पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय चुलीपुढं कोसळली, ती उठली नाही.

तेरावं होऊन तीन दिवस झाले, तशी सोजराबाई आमच्या दारात आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. कळांत कंबरेला चोळायचं मायचं तेल तेवढं न्यायला ती आली होती. गाडी जुंपून तयार होती, पण दवाखाना गाठायला अर्धा दिवस मोडला असता.

"नसीमा इथंच हाय की," मी म्हणाले.

"एकटी? सारं तुह्या मायच्या हातानं होये. हे तं चूल फुंके."

बाळाला न्हाऊ घालणारी नसीमा थांबली. मान खाली घालून म्हणाली, "हाव सोजरामावशी. गाडीनंच न्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिलाही आता ते खरं वाटू लागलं होतं. मी पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत, पण अडीच महिने मला एक वाक्य जमलं नव्हतं.

"काकू, माहं पोरगं नसीमाच्या हातानं झालं. माय माह्या मागं बसली होती, तिनं हात नाही लावला. मी सासूबाईले भेली, म्हणून सांगलं नाही. गाडी सोडा. हिले घेऊन जा."