खिडकीकडचा उतार

मित्रांनो, मी एक जुने स्नूकरचे टेबल आहे. माझ्यापाशी येणारी माणसे आधी माझे हिरवे कापड पाहतात. पण माझा खरा देह कापडाखाली आहे आणि तो दगडाचा आहे. त्या जाड पाट्या इतक्या काटेकोरपणे जोडल्या आहेत, की सांध्यावरून जाताना बॉलला पत्ताही लागत नाही. ज्या सुताराने मला उभे केले, त्याने शेवटी काठाला गाल टेकवून, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "झोपलेलं तळं आहे." ते माझे पहिले कौतुक. मी ते अजून जपून ठेवले आहे.

तारुण्यातली काही वर्षे मी एका क्लबात होते. मग तिथल्या लोकांना दुसरे छंद लागले. माझ्यावर चादर आली, चादरीवर फायली आल्या आणि फायलींवर चहाचे कप. टेबलाला नुसतेच टेबल म्हणून वापरावे, यासारखे दुःख नाही.

त्यातून मला या हॉलच्या मालकांनी सोडवले. ते गेल्यावर हॉल त्यांच्या मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणतात. ती रोज सकाळी माझ्या कापडाची लव एकाच दिशेने ब्रशने झाडते. त्या वेळी मला कुणी डोक्यावरून हात फिरवल्यासारखे वाटते.

माझ्यावर सर्वांत जास्त खेळले ते फरशीवाले काका. दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवून ते संध्याकाळी यायचे, गुडघ्यांवर सिमेंट तसेच. त्यांचा जोडीदार म्हणजे समोरचा सलूनवाला. दोघांची मैत्री इतकी जुनी, की तोंडावर कौतुक करायची सवयच राहिली नव्हती. काकू फक्त दारापर्यंत यायच्या. "घरी येताय जेवायला, की ताट इथंच मांडू?" एवढे विचारून परत फिरायच्या.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. ते कित्येक महिने आले नाहीत. त्याच काळात खिडकीखालच्या बेसिनचा पाइप गळत राहिला, माझ्या एका पायाखालची जमीन दबली आणि मी खिडकीकडच्या त्या कोपऱ्याकडे केसभर कलले.

एका दुपारी काका परत आले, काकूंच्या खांद्याचा आधार घेत. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा हॉलचा उंबरा ओलांडला. हाताला काम द्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, आता डाव्या हातात आला. उजव्याने फक्त माझ्या कापडावर टेकून क्यूला आधार द्यायचा. काकू तो हात उचलून ठेवायच्या आणि त्याची बोटे एकेक करून पसरायच्या.

वेगाने जाणाऱ्या बॉलला माझा कल फारसा जाणवत नसे. हळू जाणाऱ्याला मात्र जाणवायचा. काकांचे सगळेच बॉल आता हळू होते. ते वाटेत थोडे रेंगाळत, मग खिडकीकडे वळत आणि अलगद पॉकेटात उतरत. पहिला लाल बॉल पडला, तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

मला सरळ करायला ताईने आधीच फिटरला बोलावले होते. तिने त्याला फोन करून सांगितले, "सध्या नको. काकांचा हात सुधारू दे." कुणी कुरकुरला, तर ती म्हणायची, "सरळ हवंय? पलीकडचं टेबल घ्या." सलूनवालाही सोपे बॉल चुकवू लागला. त्यात त्याला फार कष्ट पडत नसत.

मला त्यांची माया कळत होती. पण मी झोपलेले तळे राहिले नव्हते, हेही कळत होते.

एके दिवशी काकांनी पांढरा बॉल माझ्यावर ठेवला आणि बोट काढून घेतले. बॉल आपला आपण निघाला आणि सावकाश खिडकीकडे गेला.

"हे टेबल आहे की मोरी?" काका म्हणाले.

सलूनवाला क्यूला खडू घासत बसला.

"आयुष्यभर फरश्या बसवल्या मी. उतार मला पहिल्याच दिवशी कळला."

"मग बोलला का नाहीत?" काकूंनी विचारले.

"तुम्ही सगळे इतके खूश होत होता. म्हटलं, होऊ द्या." मग ते ताईकडे वळले. "पण आता पुरे, पोरी. हा हात माझं किती ऐकतो, ते मला कळायला हवं. इथं ते कळत नाही."

ताई हळूच म्हणाली, "आणि बॉल नाही पडले तर? यायचं बंद कराल, काका."

"का म्हणून? या गड्याचे इतकी वर्षं पडत नाहीत. तो यायचा थांबलाय का?"

फिटर आला. पाइप बदलला, पायाखाली पाचर बसली. काकांनी घरून फरशीची पातळी बघायची आपली जुनी पाणसळ आणली होती. ती त्यांनी माझ्यावर ठेवली आणि काकूंनी वाकून पाहिले. "बुडबुडा मधोमध आहे," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी मी सपाट झाले.

काका खेळायला उभे राहिले. बोटे पसरायला काकू पुढे आल्या, तर ते म्हणाले, "थांब." उजवा हात माझ्यावर टेकला. बराच वेळ काही झाले नाही. मग बोटे हलली, आखडली आणि हळूहळू आपली आपण पसरली.

लाल बॉल खिडकीकडच्या पॉकेटाकडे निघाला. तो कुठेही वळला नाही. पॉकेटाच्या अगदी काठावर जाऊन थांबला.

"राहिला," काकू म्हणाल्या.

"राहू दे. सरळ गेला."

आता पाळी सलूनवाल्याची होती. तोंडाशी आलेला घास होता तो. त्याने काकांकडे पाहिले, काकूंकडे पाहिले.

"भावजी, नीट मारा हं," काकू म्हणाल्या.

त्याने नीट मारला. बॉल पडला, आणि सगळ्यांत मोठ्याने काका हसले.

मित्रांनो, माझ्या कापडावर कप ठेवू नका. माझी लव झाडत राहा. आणि ज्याचा हात अडखळतो आहे, त्याला माझ्यापाशी आणा, त्याच्याजवळ उभे राहा, हवा तितका वेळ द्या. फक्त मला त्याच्यासाठी कलते ठेवू नका. त्याचा बॉल कुठवर पोचला, हे त्याला माझ्याकडून खरे कळू द्या.